कातळमाथा स्टेशनातला तुटका हात

१

मूर्तीचा हात तुटून खाली पडलेला दिसला, तेव्हा दर्शनाला पहिल्यांदा बरं वाटलं. खोटं कशाला सांगा! उन्हातून आल्यावर गार ताक प्यावं, तसं बरं वाटलं. मग तिच्या लक्षात आलं की हॉलची चावी रात्रभर आपल्याच खिशात होती, आणि प्यायलेलं ताक पोटातच आंबलं.

कातळमाथा हे रत्नागिरीच्या सड्यावरचं, कातळाच्या पठारावरचं, नवं स्टेशन. एका अंगाला विमानतळ, दुसऱ्या अंगाला प्रदर्शनाचं मैदान. गाडीतून उतरलेला माणूस एकतर चाकाची बॅग खडखडवत विमानाकडे जाणार, नाहीतर पिशवी हलवत प्रदर्शनाकडे. दोघांची वाट स्टेशनच्या मोठ्या हॉलमधूनच, म्हणून तिथे मधोमध ती मूर्ती बसवलेली. जांभ्या दगडाची, पुरुषभर उंचीची मासळीवाली. उजव्या हातावर पाटी पुढे धरून येणाऱ्या-जाणाऱ्याला "घे नको घेऊस, बघ तरी" म्हणणारी. आज चार वाजता प्रदर्शन उघडायचं होतं, आणि आजच सकाळी सहाला हात कोपरापासून तुटून पाटीसकट फरशीवर पडला होता.

मूर्ती घडवली होती राहीने. राही म्हणजे दर्शनाची धाकटी जाऊ. जावा जावा, उभा दावा, असं जुनी माणसं म्हणतात ते उगाच नाही. दर्शना रेल्वे पोलिसात सब-इन्स्पेक्टर. अंगावर वर्दी, कमरेला पट्टा, पण मांडवीतल्या घरी तिच्या वर्दीचं कौतुक दोन दिवस टिकलं. मग राही आली, हातात छिन्नी घेऊन. तिने काय करावं, तर मूर्तीला सासूचंच तोंड दिलं! तीस वर्षं डोक्यावरून मासळी विकलेली हिराबाई दगडात उभी राहिली, पेपरात फोटो आला, आणि त्या दिवसापासून म्हातारीच्या तोंडात "माझी राही, माझी राही". दर्शनाने त्याच महिन्यात दोन पाकीटमार पकडले होते. कुणी विचारलंसुद्धा नाही.

"मॅडम," मागून आवाज आला. प्रदर्शनाचा आणि विमानतळाच्या सजावटीचा व्यवस्थापक शुभंकर धापा टाकत उभा होता. कडक इस्त्रीचा शर्ट आणि घामाने भिजलेलं कपाळ. "हॉल रात्री अकराला बंद झाला. चावी कुणाकडे होती?"

"माझ्याकडे," दर्शना म्हणाली.

"आणखी कुणाकडे?"

"कुणाकडेच नाही."

२

तासाभरात घरची मंडळी हजर. हिराबाई रिक्षातून उतरली ती थेट मूर्तीपाशी गेली आणि तुटक्या कोपराला हात लावून उभी राहिली. राही मागे, केसांत अजून कालची दगडाची धूळ. ती रडली नाही, ओरडली नाही, नुसती तुकड्यांकडे बघत राहिली. दर्शनाला तेवढ्यातही वाटलं, बघा, हिला रडतानासुद्धा वाईट दिसायचं नाही म्हणून रडतही नाही!

राहीचा नवरा स्वरूप सगळ्यांत शेवटी आला. होड्या बांधणारा सुतार. खांद्याने रुंद, बोलायला कमी. त्याने आधी शुभंकरला विचारलं, "कुलूप फोडलंय काय?"

"नाही. कुलूप शाबूत आहे. चावी मॅडमकडेच होती."

"वैनींकडे?" स्वरूप म्हणाला आणि मान खाली घातली. जास्त काही बोलायची गरजच नव्हती.

हिराबाई वळली. "तुझ्याच डोळ्यात सलत होती गो ती! पहिल्या दिवसापासून. मी काय आंधळी हाय?"

"आई, मी कशाला—"

"कशाला? जेवताना राहीचं नाव निघालं की तुझा घास अडकतो, ते माझ्या ध्यानात येत नाय, असं वाटतं तुला?"

आणि म्हातारी खरं बोलत होती. पोलिसाला खोट्या आरोपाचं काही वाटत नाही. अर्ध्या खऱ्याने तो गारद होतो.

शुभंकरने तिला बाजूला घेतलं. "मॅडम, स्पष्ट बोलतो. विमानतळाच्या हॉलसाठी अशा दहा मूर्ती हव्यात. आज चार वाजता राहीबाईंशी करार होणार होता. आता दोनच गोष्टी संभवतात. हात कुणीतरी तोडला, तर चावी तुमची, जबाब तुम्ही द्यायचा. आणि कुणी तोडला नाही, आपोआप पडला, तर काम कच्चं. विमानतळावर माणसांच्या डोक्यावर पडणारे हात मला नकोत. करार रद्द. चारपर्यंत सांगा."

म्हणजे एकतर दर्शना बुडणार, नाहीतर राही. दर्शनाने राहीकडे बघितलं. राही तिच्याकडेच बघत होती, आणि त्या नजरेत संशय नव्हता असं कुणी म्हणू नये.

३

दर्शनाने सगळ्यांना वेटिंग रूममध्ये बसवलं आणि हॉलमध्ये एकटी फिरली. रात्रपाळी संपलेली, डोळे चुरचुरत होते. तिने आपला सकाळचा हिशेब मांडला. साडेपाचला झाडूवाल्या जनीसाठी तिने दार उघडलं. दिवे लागलेले नव्हते. आत न बघताच ती पहिल्या गाडीसाठी फलाटावर गेली. सहाला परत आली, तर जनी दारातच उभी, पदर तोंडावर. "बाय, हात मोडलेला हाय!"

फरशी लख्ख झाडलेली. हे जरा विचित्रच म्हणायचं. हात मोडलेला बघून जी दारातच थिजली, तिने त्याच्या आजूबाजूची माती गोळा करून ठेवावी? चौथऱ्याजवळ पाण्याचा चिकट डाग होता. दर्शनाने बोट लावून वास घेतला. नारळाचं पाणी.

मग ती गुडघ्यावर बसली आणि बाकड्यांच्या खाली बघत गेली. तिसऱ्या बाकड्याखाली, भिंतीला टेकून, सोललेला नारळ होता. त्याला हळदीकुंकू लावलेलं.

जनी मांडवीचीच. नवरा धाकू मासेमारीच्या होडीवर, ही स्टेशनात झाडू मारायला. दर्शनाने तिला हॉलमध्ये बोलावून नारळ तिच्या पुढ्यात ठेवला.

जनीने आधी नारळाकडे बघितलं, मग दाराकडे, आणि मग बांध फुटला.

"बाय, देवाशपथ, मी मोडला नाय! आज मोठा दिस, सायब लोक येणार, आणि पाटी रिकामी. आमच्यात चांगल्या दिवशी रिकामी पाटी कोण पुढं करतं? अवदसा येते! दगडाची असली म्हणून काय, पाटी ती पाटी. म्हटलं, कुणी यायच्या आत भरूया. पाच नारळ आणलेले. चार ठेवले, पाचवा ठेवला, आणि काड्‌कन..." तिने डोळे मिटले. "पायावर पडायचा राहिला. दोन फुटले. जमले तेवढे गोळा केले आणि पिशवीत घातले. माझी नोकरी कंत्राटी हाय गो बाय!"

दर्शना सुटली. खरंच सुटली! कुणी तोडला ते सापडलं, चावीचा प्रश्न मिटला. ती उठून वेटिंग रूमकडे निघालीसुद्धा. दारापर्यंत पोचली आणि थांबली.

पाच नारळ. फार तर अडीच-तीन किलो. तेवढ्याने जांभा मोडतो?

४

दर्शनाने फोन करून बोलावलेला गंगाराम मालगुंडहून बारा वाजता पोचला. चिरेखाणीत, जांभ्याचे चिरे काढण्यात, आयुष्य घालवलेला म्हातारा. राहीला छिन्नी धरायला त्यानेच शिकवलं. बोटं चिऱ्यासारखीच, भोकाभोकांची झालेली.

"पाच नारळ?" तो हसला. "हात कोरून झाला त्या दिवशी मी स्वतः त्याला लोंबकळलो होतो. पाय उचलून! राही ओरडत होती, काका, पडाल. मी म्हटलं, माझ्या वजनाला टिकला तरच खाणीचा दगड खरा. टिकला."

"मग आज का मोडला?"

गंगाराम तुटक्या कोपराजवळ गेला. आधी त्याने बघितलं नाही, अंगठा फिरवला. वरून फिरवला, खालून फिरवला, आणि त्याचं हसू मावळलं.

"हात लाव," तो म्हणाला. "वर काय लागतं?"

"खरखरीत. भुगा सुटतोय."

"ही आजची मोड. आता खालची बाजू."

खालचा अर्धा भाग सपाट होता, सुरीने पेरू कापावा तसा. भुगा नाही, टोकं नाहीत, आणि रंग बाहेरच्या कातडीसारखा काळपट लाल.

"जांभा खाणीतून निघतो तेव्हा ओला असतो बाय. मऊ. करवतीने कापला तर कापतो. मग ऊन-वारा लागला की घट्ट होत जातो. महिना दोन महिन्यांनी करवत लावून बघ, दात जातील, आणि दगड फुटेल तो वेडावाकडा. हा काप दगड ओला असतानाचा आहे." तो दगडाकडे बघत राहिला. "खालून अर्धा कापलेला. वरच्या अर्ध्यावर हात लटकत होता. गाडीतून आणताना मी पेंढा कोंबून बांधला, म्हणून इथवर पोचला तरी."

"दगड खाणीतून कधी आला?"

"शिमगा झाल्यावर. तुमच्या मागच्या पडवीत राहीने पंधरा दिवसांत हात कोरला, मऊ आहे तोवर. मी लोंबकळलो. दुसऱ्या दिवशी ती हेदवीला माहेरी गेली, आईच्या डोळ्याचं ऑपरेशन होतं. आठ दिवस ती नव्हती, म्हणून मीही आलो नाही. आल्यावर ती दगडाजवळून हलली नाही, आणि दगडही घट्टच होत गेला."

दर्शनाने मनातल्या मनात तारखा जोडल्या. शिमग्यानंतरचे दोन महिने ती सोलापूरला ट्रेनिंगला होती. तिचा नवरा बाबू मुंबईला डॉकमध्ये, बारा महिने तिकडेच. त्या आठ दिवसांत मांडवीच्या घरात माणसं होती फक्त दोन.

तिने नखाने कापाच्या कडेला खरवडलं. लाल मातीत कालवलेलं काहीतरी निघालं. तिने ते बोटांत चुरगळलं. आत पांढरे धागे होते.

"काका, तुम्ही चिऱ्याची भेग कशाने बुजवाल?"

"चुन्याने. नाहीतर सिमेंटात जांभ्याचा भुगा घालून."

"कापसाने?"

"दगडात कापूस?" गंगारामला ते अपमानास्पदच वाटलं. "कोण शहाणा घालतो?"

दर्शनाने बोटं नाकाशी नेली. तेल आणि राळ. लग्न होऊन मांडवीला आल्यापासून तो वास तिच्या ओळखीचा होता. होडीच्या दोन फळ्यांमधली फट बुजवायची, तर राळेत भिजवलेला कापूस ठोकून बसवतात. दगडवाल्याच्या हाताला हे कधी सुचणार नाही. आणि होडीवाल्याच्या हाताला दुसरं काही सुचणार नाही.

५

स्वरूप फलाटाच्या टोकाला उभा होता. दर्शनाने त्याच्यासमोर तळहात उघडला. त्यावर कापसाचे चार धागे होते.

"धाकूपण होडीवर राळ लावतो," स्वरूप लगेच म्हणाला. "जनीचा नवरा."

"मी तुम्हाला काही विचारलं नाही, भाऊजी. आणि धाकू आपल्या मागच्या पडवीत कधी आला? राही हेदवीला होती तेव्हा घरात तुम्ही आणि आई. आईंनी करवत चालवली म्हणता?"

मुंबईची गाडी आली, थांबली, माणसं उतरली, गेली.

"लाकडी होड्या संपल्या वैनी," तो शेवटी म्हणाला. "आता सगळ्या फायबरच्या. मी वीस होड्या बांधल्या, हातावर मोजून सांगतो, एकीलाही पाणी लागलं नाही. कुणाला आठवत नाही! नाक्यावर उभा राहिलो की पोरं म्हणतात, राहीचा नवरा आला. शिमग्यात बँकेतला साहेब म्हणाला, तुम्ही राहीताईंचे मिस्टर ना? मला माझं नावच राहिलं नाही. त्यात त्या दहा मूर्तींची बोलणी तेव्हाच सुरू. दोन वर्षं ती इथं या सड्यावर, पेपरात, विमानातल्या लोकांत. मी काय करू? तिचा डबा घेऊन येऊ? वाटलं, गाडीतच मोडेल. दगड कच्चा निघाला म्हणतील, आणि घरी बसेल चार दिवस. एवढंच."

दर्शनाला त्याचा राग यायला हवा होता. आला नाही. त्याचं एकूण एक वाक्य तिला पाठ होतं. फक्त तिने ते कधी तोंडाने म्हटलं नव्हतं.

"आणि सकाळी चावीचं काढलंत ते? माझ्यावर ढकलायला?"

स्वरूपने मान वर केली नाही. "सगळे तुमच्यावरच संशय घेणार होते. मी न बोलता पण घेतला असता."

हे मात्र तिला लागलं. आणि लागलेलं असतानाच तो हळूच म्हणाला, "वैनी, एक सांगू? जनीने नारळ ठेवले, हात पडला. कापाचं कुणाला कळायला नको. दगड कच्चा होता म्हणा. तुम्ही सुटलात, मी सुटलो, आईला धक्का नाही, घराची अब्रू राहिली. करार तेवढा जाईल. आणि खरं सांगा, तो व्हावा असं तुम्हाला तरी वाटतं काय?"

स्टेशनच्या घड्याळात साडेतीन झाले होते. करार व्हावा असं दर्शनाला वाटत नव्हतं, हेच तर खरं होतं. तिच्या डोळ्यांपुढे चित्र उभं राहिलं. राही घरी बसलेली, हिराबाईच्या तोंडचं "माझी राही" हळूहळू बंद झालेलं, आणि जेवताना कुणीतरी विचारतंय, दर्शना, आज कुणाला पकडलंस गो? तिला फक्त गप्प राहायचं होतं. साधं गप्प राहायचं. पोलिसाला त्याहून सोपं काम नाही.

गंगाराम तर काय, तिने विनवलं असतं तर घराच्या अब्रूसाठी तोही गप्प बसला असता. तिने मूठ मिटली. धागे आत होते.

६

चारला दहा कमी असताना शुभंकर कागद घेऊन हॉलमध्ये आला. मूर्तीभोवती सगळे उभे होते. जनी खांबाआड, गंगाराम बाकड्यावर.

"मॅडम, काय लिहू? कुणी तोडला, की काम कच्चं?"

"आधी जनीचं ऐका," दर्शना म्हणाली. "पाटी रिकामी दिसू नये म्हणून तिने आत पाच नारळ ठेवले. भाव चांगला होता, तिला कुणी बोलायचं नाही. हात त्याने पडला."

"पाच नारळांनी? म्हणजे काम कच्चंच."

राहीने डोळे मिटले. स्वरूपने सुस्कारा सोडला, आणि तो सुस्कारा ऐकला मात्र, दर्शनाच्या अंगाचा तिळपापड झाला. आपण आणि हा, एकाच होडीत? तिला स्वतःचीच किळस आली.

"काम कच्चं नाही," ती म्हणाली. तिने शुभंकरचा हात धरून कोपराच्या खालच्या बाजूवर ठेवला, मग वरच्या. गंगारामने ओल्या दगडाचं आणि घट्ट दगडाचं सांगितलं. मग तिने मूठ उघडली. "काप राहीच्या पाठीमागे घातला गेला, ती हेदवीला होती तेव्हा. आणि बुजवला कापूस-राळेने, होडी बुजवतात तसा. घरात होड्या बांधणारा माणूस एकच आहे."

विमान उतरत होतं, त्याचा आवाज आला आणि गेला.

राही नवऱ्याकडे वळली. "स्वरूप?"

त्याने नाही म्हटलं नाही. हिराबाई दोन पावलं पुढे झाली. दर्शनाला वाटलं, आता म्हातारी आपल्याच अंगावर येणार, लेकाला पकडून दिलं म्हणून. पण ती स्वरूपपुढे उभी राहिली आणि आपला सुरकुतलेला उजवा हात त्याच्या तोंडासमोर धरला.

"हा हात कापलास रे तू! ह्या हाताने पाटी उचलली म्हणून तू जेवलास. हाच हात ना तो? बघ, नीट बघ!"

स्वरूप तिथेच फरशीवर बसला आणि दोन्ही हातांनी तोंड झाकून रडला. त्याला कुणी उठवलं नाही.

शुभंकरने कागदावरचं खोडलं. करार त्याने पुढे केला आणि राहीने सही केली. तुटका हात तसाच राहू दे, उद्या नवा चिरा आणते, असं ती म्हणाली, अगदी बाजारातून कोथिंबीर आणते म्हणावं तशी. तक्रार करायची की नाही ते ठरवायला तिने दोन दिवस मागितले, आणि तोवर ती मालगुंडला गंगारामकडे राहणार होती.

बाहेर प्रदर्शनाचा बँड वाजायला लागला, तेव्हा ती दर्शनाजवळ आली.

"ताई, सकाळी मला तुमचाच संशय आला होता."

"यायलाच हवा. हात पडलेला बघून मला बरं वाटलं होतं."

राहीने तिच्याकडे बघितलं. दुसरी एखादी असती तर एव्हाना पाठ फिरवून गेली असती. "मग खरं का सांगितलंत? गप्प राहिला असतात तर मी गेलेच होते."

"तुझ्यासाठी नाही सांगितलं," दर्शना म्हणाली. "मला तुझ्यावर जळायचंय ना, तर तुझ्या कामावर जळेन. दुसऱ्याने चोरून कापलेल्या हातावर काय जळायचं? त्यात मला माझीच लाज वाटली."

राहीच्या डोळ्यांत सकाळपासून थोपवलेलं पाणी आता आलं. ते तिने धुळीच्या मनगटाने पुसलं आणि गालावर लाल माती फासली गेली. रडताना ती चांगलीच वाईट दिसत होती.

"जळा हो ताई," ती नाक ओढत म्हणाली. "अजून दहा मूर्ती व्हायच्यात. सावकाश जळा."